पिवळ्या पाटीत घरचं माणूस

भाऊबीजेला नाथू डोंगरावरून बहिणीकडे खाली आला नाही, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी कुशाबांनी गाडीच्या नंबराची पिवळी पाटी काढून पांढरी लावायचं जाहीर केलं. या दोन गोष्टींचा संबंध घरात एकट्या त्यांच्या बायकोला, ठमाबाईंना, कळला. बाकीच्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

जाहीर केलं म्हणजे जेवताना सांगितलं. भाकरीकडे बघत म्हणाले, "गाडी प्रायवेट करायची. जितेशला बोलवा, कागद घेऊन."

थोरल्या मुलाच्या, राजेशच्या, हातातला घास हातातच राहिला. गेली बारा वर्षं तो भाडी मारून हे घर चालवत होता. पाचाडला गड बघायला आलेली शहरातली मंडळी, बिरवाडीच्या कारखान्यांकडे निघालेले साहेब, महाबळेश्वरची नवी जोडपी. पिवळी पाटी म्हणजे भाडं घ्यायची परवानगी. पांढरी म्हणजे घरच्यांनी हिंडायचं आणि भाड्याचं नाव काढायचं नाही. गाडी राजेश चालवत असला तरी ती होती कुशाबांच्या नावावर, आणि कुशाबांनी एकदा कागद म्हटलं की कागद.

रविवारी सकाळी बदलापूरहून सूरज आला. असल्या बैठकीला धाकटा भाऊ हवा, असं राजेशला वाटत होतं. पहिल्या चहालाच ते वाटणं संपलं.

"कर ना पांढरी, दादा," सूरज म्हणाला. "प्रायव्हेट पासिंगची गाडी घरात असली तर किती सोय. मी महिन्यातून एकदा नेत जाईन. सासरवाडीला पिवळ्या पाटीची गाडी घेऊन गेलं तर लोक विचारतील, ड्रायव्हर कुठे जेवणार."

"आनि मी काय खानार?" राजेशने विचारलं.

"तू दुसरी घे. लोनवर मिळते."

"तू घे ना लोनवर. पांढरी घे, निळी घे."

ओटीवर सतरंजी टाकली होती. अंगणात भाताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या, त्यांच्या पलीकडे गाडी उभी. सुप्रिया, म्हणजे राजेशची बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ते तांदूळ तिने कालच निवडले होते. पण बैठकीत बाईने नुसतं बसून ऐकलं तर ते बरं दिसत नाही. सूप हातात असलं की चालतं.

कुशाबा भिंतीला टेकून बसले होते. चार वर्षांपूर्वी त्यांना समोरून येणारी एक एसटी दोन दिसायला लागली. त्या दोघींमधून गाडी काढायचा मोह होण्याआधी त्यांनी स्टेअरिंग सोडलं. तेव्हापासून ते रोज सकाळी गाडी पुसत, पाटी तर आरशासारखी, आणि तिच्यात बसत मात्र नसत. कारण ते आता ड्रायव्हर नव्हते, आणि प्रवासी नव्हते, आणि त्या गाडीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

तो नियम त्यांचाच. साल एक्क्याण्णव. पहिली जीप जुनी, पासिंग खासगी, आणि तिच्यातून कुशाबा पोलादपूर ते महाड माणसं भरून नेत. सगळेच नेत. महाडच्या अलीकडे आरटीओच्या एका साहेबाने हात केला, चौदा माणसं उतरवून रस्त्याकडेला ओळीने उभी केली आणि म्हणाला, "खासगी गाडीत भाडं घ्यायचं नाही. समजलं?" कुशाबांना समजलं. जरा जास्तच समजलं. त्यांनी रीतसर परवाना काढला, पाटी पिवळी केली, छातीवर बिल्ला लावला, आणि साहेबाचं वाक्य घरी आणून उलटं टांगलं. खासगी गाडीत भाडं नाही, तर भाड्याच्या गाडीत खासगी नाही. दोन्ही बाजूंनी सारखा दिसला की नियम खरा, असं त्यांचं मत. हे कुणाला विचारून घ्यावं असं त्यांना वाटलं नाही. विचारायला जाणं म्हणजे साहेबाच्या शब्दावर संशय घेणं.

तेव्हापासून चौतीस वर्षं घरचं माणूस घरच्या गाडीत राजरोस बसलं नाही. सूरजच्या वेळी ठमाबाईंना कळा सुरू झाल्या तेव्हा जीप अंगणातच उभी होती. कुशाबांनी शेजारच्या मोरूची खासगी जीप बोलावली, ठमाबाईंना तिच्यात बसवलं, आणि स्वतः आपली जीप घेऊन, रिकामी, दवाखान्यापर्यंत मागोमाग गेले. धीर वाटावा म्हणून वळणावळणावर दिवे लावत होते. भर दुपारी.

बाजाराहून ओझं घेऊन येणाऱ्या ठमाबाई रस्त्यात दिसल्या की ते हॉर्न वाजवत. दोनदा. आतल्या प्रवाशांना वाटे, बाईला बाजूला हो म्हणताहेत. ठमाबाई पदर सारखा करत आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत ओझं खाली ठेवून उभ्या राहत. त्या दोघांत यापेक्षा लाडाचं काही कधी झालं असेल, तर या घराण्याला त्याची माहिती नाही.

आणि आता नाथू. ठमाबाईंचा थोरला भाऊ. आंबेमाळ ही त्याची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, चढून जायला अडीच तास. दर भाऊबीजेला तो उतरायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा आणि ऊन कलायच्या आत परत चढायचा. यंदा त्याचे गुडघे गेले, आणि यंदाच आंबेमाळला डांबरी रस्ता गेला. सरकारचं आणि गुडघ्यांचं वेळापत्रक असं जुळल्याचं दुसरं उदाहरण तालुक्यात नाही. त्याने फोन केला, "ठमे, मी आता नाय उतरत. तू गाडीनं ये गो. रस्ता पार दारात आलाय."

कुशाबा तेव्हा म्हणाले होते, "मोरूची गाडी सांगतो."

"मोरूच्या गाडीत नाय जायाचं मला," ठमाबाई म्हणाल्या होत्या. "माझ्या दारात गाडी हाय."

एवढंच. मग अकरा दिवस त्या विषयावर अवाक्षर नाही. आणि कुशाबांना त्या न बोलण्याचा आवाज यायला लागला.

"बाबा," राजेश आता म्हणाला, "आयेला न्यायचंच हाय तर एक दिवस मी मोरूकाकांची गाडी चालवतो ना. त्यासाठी धंदा का बंद करायचा?"

"ती आपल्या गाडीतनं जायाची म्हनते."

"म्हनून पाटी बदलायची?"

"मग कायदा बदलू काय?" कुशाबा म्हणाले.

राजेशने कप खाली ठेवला. एक गोष्ट तो सांगत नव्हता, आणि ती सुप्रियालाही माहीत होती. तांदळातली तिची बोटं थांबली.

मागल्या वर्षाच्या आदल्या वर्षी सासूसासरे लग्नाला चिपळूणला गेले होते. राजेशने तिला गाडीत पुढे बसवून महाबळेश्वरला नेलं. तिने स्ट्रॉबेरी खाल्ल्या, घोड्याजवळ उभं राहून फोटो काढला, आणि घरी येऊन सांगितलं की बचत गटाचं शिबिर होतं महाडला. जाताना तिने नवऱ्याला विचारलं होतं, "धरनार नाय ना कुणी?" तो हसला. "आपली गाडी, आपली माणसं. धरायचं काय त्यात? पाटी पिवळी असली म्हनून बायको परकी होत नाय." त्या दिवशी तिला ते वाक्य फार आवडलं होतं. आज ते तिला टोचलं.

राजेश खोटारडा नव्हता. त्याला एवढंच वाटत होतं की बाबांचा नियम मोडीत काढायची काही गरज नाही. त्या नियमामुळे साऱ्या भावकीत एकही माणूस कधी म्हणाला नव्हता, राजेश, जरा मला माणगावला सोड. असा नियम फुकट मिळत असेल तर माणूस तो जपतो. आई त्या नियमात सापडली आहे, हे त्याला दिसत होतं. पण ती इतकी वर्षं सापडलेली होती की ते तिच्या स्वभावासारखं दिसायला लागलं होतं.

जितेश अकरा वाजता आला. महाडला आरटीओची कामं करून देणारा, काखेत फाइल, खिशाला तीन पेनं. लोक त्याला एजंट म्हणत. तो स्वतःला सल्लागार म्हणत असे.

"आबा, होऊन जाईल," तो फाइल उघडत म्हणाला. "परवाना परत करायचा, बँकेची ना-हरकत आणायची, कराचा फरक, मग पेणला गाडी दाखवायची. पण चालता धंदा सोडताय, म्हणून विचारतो. कारण काय?"

"कारन लिवावं लागतं?"

"लिहावं लागत नाही. मला कळावं म्हणून."

कुशाबा ताठ बसले. "हिला म्हायेरी न्यायची हाय. आंबेमाळला."

जितेशने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

"मग न्या ना."

"पाटी पिवळी हाय."

"असू द्या की. पिवळ्या पाटीत घरची माणसं बसवू नयेत असं कुठं आहे? तुमचीच गाडी. पाटी झाकायची नाही, चालवणाऱ्याचं लायसन चालू हवं, फिटनेस, विमा, कागद गाडीत हवेत. बस. मी स्वतः परवा माझ्या मेव्हण्याच्या टॅक्सीतून सहकुटुंब हरिहरेश्वरला जाऊन आलो. सगळेच जातात."

अंगणात एक कोंबडी पेंढ्यांवर चढली. तिला कुणी हाकललं नाही.

"खासगी गाडीत भाडं चालत नाय," कुशाबा सावकाश म्हणाले.

"बरोबर."

"मग भाड्याच्या गाडीत खासगी..."

"ते चालतं, आबा."

"असं कसं? दोन्हीकडनं सारखं पायजे."

"कायदा तसा नसतो हो," जितेश म्हणाला. त्याला अजून वाटत होतं की तो चांगली बातमी देतोय.

ठमाबाई माजघराच्या दारात कधी आल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांनी जितेशला विचारलं, "कवापास्नं चालतं ह्ये?"

"पहिल्यापासूनच चालतं, आजी."

"म्हंजे सूरजच्या वक्ताला पन?"

सूरजच्या वेळी काय झालं होतं ते जितेशला माहीत असायचं कारण नव्हतं. पण धंद्यातला माणूस. त्याने ओटीवरच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

कुशाबा थोरल्याकडे वळले. "राजेश. तू रोज पेणला, महाडला जातोस. तुला ठाऊक व्हतं?"

"मला कुठून..." राजेशने सुरुवात केली.

"होतं," सुप्रिया उंबऱ्यातून म्हणाली. सूप तिने खाली ठेवलं होतं. "होतं यांना, बाबा. मला पन होतं. महाबळेश्वरला गेलोय आमी. शिबिर नव्हतं ते."

राजेशने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि पक्ष बदललेली बायको कशी दिसते ते तो पहिल्यांदा बघत होता.

"वहिनी," सूरज हलकेच म्हणाला, "टायमिंग बघून तरी बोलायचं."

"तुम्हाला पन सांगितलं होतं यांनी. फोनवर. मागच्या गणपतीत."

सूरजला अचानक कपातला चहा संपलेला दिसला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मुंबईकडच्याला, गावाकडल्याला, सुनेला. चौतीस वर्षांचा एक कायदा या घरात दोनच माणसांसाठी लागू राहिला होता, आणि ती दोघं तो एकमेकांशी इमानाने पाळत होती.

आता भांडण होणार असं सगळ्यांनी धरलं. राजेशने तर आपली बाजूही मनात जुळवून ठेवली. ठमाबाई मात्र आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. मग त्या बाहेर आल्या त्या हिरवं इरकल नेसून, हातात पिशवी, पिशवीत निरांजन आणि करंज्यांचा डबा. करंज्या दिवाळीच्या, नाथूसाठी राखून ठेवलेल्या.

"चल," त्या राजेशला म्हणाल्या.

"आता?"

"मंग काय मुहूर्त बघतोस?"

"दुपारी एक भाडं हाय गो आये. पुन्याची पार्टी, पाचाडला..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने फोन काढला, अंगणाच्या कडेला जाऊन पार्टीला सांगितलं, गाडी मोकळी नाही, घरचं काम आहे. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते इतकं सोपं निघाल्याचं त्याला वाईट वाटलं.

ठमाबाई पुढे बसल्या. पट्टा कसा लावायचा ते सुप्रियाने दाखवलं. कुशाबा गाडीपाशी उभेच होते, फडकं हातात.

"तुमी येनार का?" ठमाबाईंनी समोर बघत विचारलं.

"येऊ?"

"मागं बसा."

आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर कुशाबा चौतीस वर्षांत बसले नव्हते. गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. सूरज आणि सुप्रिया अंगणातच राहिले. जितेश कोरे फॉर्म गोळा करत होता. त्याच्या हातून आज एक गिऱ्हाईक गेलं होतं आणि काय मोडलं होतं ते त्याला नीट कळत नव्हतं.

पोलादपूर सुटलं. चढ लागला. नव्या डांबराला अजून वास होता. खाली खाचरं कापून मोकळी झालेली, कडेला कारवीची झुडपं, आणि मधूनच जुनी पायवाट रस्त्याला आडवी येऊन पलीकडे वर निघून जात होती. प्रत्येक वेळी ठमाबाई मान वळवून ती पायवाट दिसेल तितकी बघत. तिथला प्रत्येक दगड त्यांनी पायाने मोजला होता.

मागून कुशाबा म्हणाले, "साहेब तसाच म्हनला व्हता गो."

"साहेब अर्दंच म्हनला व्हता. अर्दं तुमी म्हनलात."

दोन वळणं गेली.

"ठमे, मला खरंच म्हाईत नव्हतं."

"म्हाईत हाय मला." त्यांनी पदराने काचेवरचं धुकं पुसल्यासारखं केलं, काच स्वच्छच होती. "म्हाईत असतं तर तुमी नेलं असतंत. रोज नेलं असतंत. त्याचाच तर राग येतो."

राजेशने गिअर बदलला. त्याच्याबद्दल आई काहीच बोलली नाही, आणि ते तो आंबेमाळपर्यंत ऐकत राहिला.

शेवटच्या वळणानंतर वाडी एकदम समोर येते. दहा-बारा घरं, गोठे, गवताच्या गंजी. नाथू अंगणात काठी टेकून उभा होता. चढावर गाडीचा आवाज आला की तो असाच उभा राहत असे. भाऊबीजेपासून दोनदा दुधाच्या टेम्पोसाठी आणि एकदा लसीकरणाच्या जीपसाठी उभा राहून झालं होतं. गाडी थांबली. आत कोण आहे ते बघायला त्याने कपाळावर हात धरला. मग तो हात तसाच वर गेला.

"ठमे?"

"दादा," ठमाबाई म्हणाल्या. उतरल्या मात्र नाहीत.

कुशाबा मागून उतरले. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. पोरं गोळा झाली, दोन बाया परड्यातून आल्या. ठमाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या.

"उतर ना गो," नाथू म्हणाला. "आत चल. चहा ठेवलाय."

"उतरते." त्या राजेशकडे वळल्या. "गाडी फिरव. खाली ने, त्या वळनापात्तर. मंग परत वर आन."

"कशाला आये?"

"ही भाऊबीजेची झाली. माझी आये गेली तवाची ऱ्हायलीय. एसटी चुकली, मंग मी वर आले तवर चिता इजली व्हती."

राजेशने बापाकडे पाहिलं. कुशाबांनी पुढचं दार लावलं, मागे बसले आणि आपलं दार ओढून घेतलं. गाडी फिरली, वळणापर्यंत गेली आणि वर आली. या खेपेला ठमाबाईंनी वाडीकडे पाहिलं नाही. त्या हात जोडून बसल्या होत्या, आणि गाडी थांबल्यावरही थोडा वेळ तशाच राहिल्या.

"आनि एकदा," त्या म्हणाल्या. "दादाच्या लग्नाची. राजेश कडेवर व्हता, पाऊस व्हता, मी पोचले तवर अक्षदा पडल्या."

"आये, किती फेऱ्या अशा?" राजेश म्हणाला. रागाने नाही. त्याला खरंच माहिती हवी होती.

"ती सांगंल तितक्या," मागून कुशाबा म्हणाले.

तिसऱ्यांदा गाडी वर आली तेव्हा पोरं कंटाळून गंजीकडे गेली होती. बायांनी एकमेकींना काहीतरी विचारलं आणि एकीने डोळ्यांना पदर लावला, म्हणजे तिला कळलं असावं. नाथू पायरीच्या दगडावर बसला होता. ठमाबाईंनी पुन्हा बोटाने खालची दिशा दाखवली.

"आता ही कोनाची?" राजेशने विचारलं.

ठमाबाईंनी विचार केला. मेलेल्यांचं झालं होतं, लग्नाचं झालं होतं, सणाचं झालं होतं. खाली दरीतून वारा आला, गवत एका बाजूला झुकलं.

"कोनाची नाय," त्या म्हणाल्या. "अशीच. काय काम नसताना."

राजेशने गाडी हळू नेली. वळणावर जरा थांबवलीही. मग काचा उतरवल्या आणि पहिल्या गिअरमध्ये, कुठलीही घाई नसलेल्या माणसासारखी, वर आणली. मागे कुशाबा पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते. नाथूने काठीवर जोर दिला, दगडावरून उठला आणि चौथ्यांदा हात वर केला, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

"अगो ठमे," तो म्हणाला, "आज इकडं कुठं?"